दोन गाळ्यांमधला स्विच

मार्केट यार्डात लसणाचे दोन आडते, रंगराव आणि कोंडीराम. गाळ्याला गाळा चिकटलेला आणि बोलणं बंद. कशावरून, ते दोघांनाही आठवत नव्हतं. त्या ओळीतलं नेटवर्क मी बघायचो. ब्रॉडबँड नुकतं आलेलं, सगळ्यांचे कॉम्प्युटर एकाच स्विचला, म्हणजे वायरी खोचायच्या डब्याला, जोडलेले आणि बिलांचे फोल्डर सताड उघडे.

एकदा रंगरावांनी मला गोण्यांमागे ओढलं. "सुदर्शनभाऊ, त्या कोंडीरामाला माझं काही दिसता कामा नये. मला मात्र त्याचं दिसलं पाहिजे."

"जमवतो," म्हटलं.

बाहेर पडतो तोच कोंडीरामांनी गाठलं. मागणी तीच, नाव तेवढं उलटं. त्यांनाही म्हटलं, जमवतो. आणि निम्मं जमवलं की! स्विचमध्ये प्रायव्हेट व्हीलॅन नावाची सोय असते. प्रत्येक गाळ्याचा पोर्ट एकटा पाडला. राउटरशी बोला, इंटरनेट वापरा, शेजाऱ्याचं तोंड बघायचं नाही. मग चहा घेऊन समोरच्या कट्ट्यावर बसलो. अशी मजा सोडून घरी कोण जातो?

त्याच सकाळी रंगरावांचा ट्रक आलेला. माल वाटेत भिजलेला, आजच्या आज उठला नाही तर कोंब फुटणार. पुढ्यात द्वारकाबाई उभ्या, खराडीच्या कंपन्यांची कँटीनं चालवणाऱ्या.

"भाव बोला, रंगराव."

"सांगतो की. बसा."

माउस क्लिक क्लिक क्लिक. कोंडीरामांचं फोल्डर उघडेना. रंगराव उठले, बसले, टोपी काढली, परत घातली. वजनकाटा उगाच पुसला. दारापर्यंत गेले, परत आले. तिकडे कोंडीरामही तसेच, पिंजऱ्यात घातल्यासारखे.

"अहो, दुपारी पोरांना जेवायला घालायचंय मला. लसूण विकायचाय का नुसता दाखवायचाय?" द्वारकाबाईंनी पिशवी उचलली.

रंगराव बाहेर पळाले. त्याच वेळी कोंडीरामही बाहेर. दोघं समोरासमोर.

"नेट चालतंय का हो तुमचं?" रंगराव बोलून गेले. किती वर्षांनी!

"पळतंय. तुमचं?"

"पळतंय की."

मग कोंडीरामच म्हणाले, "आज भाव नाही टाकला तुम्ही?"

"तुमचा बघितल्याशिवाय कसा टाकू?"

"आयला! आणि मी तुमचा बघून टाकतो!"

दोघांनी माना वळवल्या आणि माझ्याकडे बघितलं. मी चहात तोंड घातलं.

द्वारकाबाई पायरी उतरल्या. रंगराव धावत गाळ्यात परतले, गोणीत हात घातला, पाकळी चोळली, वास घेतला आणि कुणाचंही न बघता भाव ओरडले. ओल्या मालाला शोभेल असा, खरा.

"एवढंच विचारत होते ना सकाळपासून?" द्वारकाबाई वळल्या. "भरा टेम्पो."

तेवढ्यात शेजारून आवाज आला, "बाई, माझा रुपयानं कमी!"

"तुमचा उद्या बघू. हे आधी बोलले."

टेम्पो भरला. रंगराव घाम पुसत माझ्या कट्ट्यावर टेकले. शिव्या खायची तयारी ठेवून बसलो होतो मी.

"भाऊ," ते हळूच म्हणाले, "त्याचे कान बंद करायचं काही मशीन येतं का?"

"कोटेशन देतो," म्हटलं.