पत्र्याचा बेडूक

आबेदाबीनं पत्र्याची कड पकडीनं दुमडली, हातोडीनं हलकेच ठोकून बसवली आणि मग ती कड स्वतःच्याच गालावरून फिरवून पाहिली. कुठं टोचलं नाही. पोराच्या हातात द्यायची वस्तू आधी आपल्या गालाला लावून बघायची, हा तिचा शिरस्ता. घासलेटच्या डब्याच्या पत्र्यातून कातरलेला तो बेडूक होता, मुठीत मावेल एवढा. त्याच्या पोटाखाली तिनं पोलादी पट्टीचा तुकडा डाग देऊन बसवला होता. अंगठ्यानं पट्टी दाबली की ‘टिक’ आणि सोडली की ‘टॅक’. पहिल्यांदा वाजवला तेव्हा शेजारच्या सारजाबाईच्या कोंबड्या दचकून पांगल्या.

सारजाबाईनं कुडावरून डोकं वर काढलं.

"आबेदा, काय गं वाजीवतीस सकाळच्या पारी?"

"पोरांचा फोटो काढायचाय."

"मंग त्याला बेडूक कशाला?"

"पोरं खेळताना पायजेत मला. आन् माझ्याकडं बघताना बी पायजेत. ह्यो वाजला की समदी एकदम वर बघत्याल."

सारजाबाईला ते काही पटलं नाही. पण आबेदाबीनं एखादी गोष्ट धरली की सोडत नाही, हे तिला वीस वर्षांपासून ठाऊक होतं. ती कुडाला टेकून बघत राहिली.

पौडच्या बाजारपेठेत पुढं दुकान आणि मागं अंगण, असं ते घर होतं. दुकानात आबेदाबीचा मुलगा नसीर कंदील, डबे, चाळण्या दुरुस्त करी. उरलेला पत्रा आईकडं जाई आणि त्यातून गाडे, भिंगऱ्या, पाखरं बाहेर पडत. नवरा अलाउद्दीन चार वर्षांपूर्वी गेला. तो मावळातल्या जत्रांमधून फोटो काढीत फिरायचा. बायामाणसं परक्या पुरुषापुढं बसायला लाजत, म्हणून त्यानं बायकोला कॅमेरा शिकवला. डब्यासारखा चौकोनी कॅमेरा पोटाशी धरायचा, वरच्या काचेत वाकून बघायचं, श्वास रोखायचा आणि खटका दाबायचा. अशा किती बाया तिनं त्या काचेत पाहिल्या! सगळ्या ताठ, सगळ्यांच्या मुठी आवळलेल्या. एकही हसत नसे. हललं की फोटो बिघडतो, असं अलाउद्दीननंच त्यांना बजावलेलं असे. आपल्या घरातली पोरं अशी बसवायची नाहीत, हे आबेदाबीनं तेव्हाच ठरवून टाकलं होतं. आता नसीरनं पुण्याहून आठ फोटोंचं रीळ आणून दिलं होतं, आणि त्यातला एकही फोटो तिला ताठ बसलेल्या पोरांचा नको होता.

उन्हाकडं पाठ करून ती उभी राहिली. समोर दहा वर्षांचा बशीर झाकणांच्या चाकांचा गाडा ओढत होता. गाड्यात धाकटी मेहरू बसली होती. आठ वर्षांची सुलताना बाजूला मातीत बसून भिंगरी फिरवत होती. मागं शेवग्याला बकरी बांधलेली.

आबेदाबीनं डाव्या हातातला बेडूक दाबला. टिक. बशीर थबकला, मेहरू वळली. तिनं खटका दाबला.

सुलताना खालीच बघत होती.

"सुलताना, वर बघायचं गं!"

दुसऱ्या फोटोला तेच. तिसऱ्याला तेच. लाल काचेच्या खिडकीतला आकडा पुढं सरकत होता आणि आबेदाबीचा जीव खालीवर होत होता. पाचव्या फोटोलाही पोरीनं मान वर केली नाही, तेव्हा आबेदाबी तरातरा गेली आणि तिच्या पाठीत एक धपाटा घातला.

"कान फुटलेत का गं तुझं?"

सुलताना दचकली. भिंगरी आडवी पडली. तिनं आजीच्या तोंडाकडं पाहिलं.

"काय झालं, दादी?" तिच्या जाडसर, बोबड्या आवाजात तिनं विचारलं.

दुकानाच्या दारातून नसीर म्हणाला, "ऱ्हाऊ दे अम्मी. गुरुजी बी त्येच म्हणत्यात. हाक मारली तरी बघत न्हाई, विचारलं तर भलतंच सांगती. डोकंच चालत न्हाई तिचं. मी ठरीवलंय, हितनं पुढं शाळा बंद. घोटावड्याला मावशीकडं धाडतो. तितं बाळ सांभाळंल."

आबेदाबीनं उरलेले तीन फोटो तसेच काढून टाकले. रागात होती. पोरगी हट्टी आहे, असंच तिलाही वाटत होतं.

आठ दिवसांनी नसीर पत्रा आणायला पुण्याला गेला आणि येताना फोटोंचं पाकीट घेऊन आला. आबेदाबीनं हात धुतले, पदराला पुसले आणि सुपात फोटो मांडले. हातात धरून एकेक डोळ्यांजवळ नेला. बशीर दात काढून हसत होता. मेहरूचं तोंड उघडं होतं, एक पाय गाड्याच्या बाहेर. जत्रेतल्या वीस वर्षांत असा एक फोटो निघाला नव्हता. ती स्वतःशीच हसली.

मग चौथा फोटो हातात घेतला आणि तिचं हसू थांबलं.

चौथ्या फोटोत बकरीनंसुद्धा मान वळवली होती. पाला तोंडात तसाच ठेवून ती थेट आबेदाबीकडं बघत होती. कुडावरची सारजाबाई बघत होती. अंगणातला एकूण एक जीव बेडकाच्या आवाजाकडं वळला होता. एकटी सुलताना वळली नव्हती.

आबेदाबीनं फोटो उजेडाला धरला. हट्टी पोराचं तोंड तिला माहीत होतं. हट्टी पोर ओठ आवळतं. आपल्याकडं बघतायत हे त्याला कळत असतं. ह्या तोंडावर तसं काहीच नव्हतं. ही पोरगी नुसती भिंगरी बघत होती, जशी काही अंगणात ती एकटीच आहे.

तिनं सातवा फोटो उचलला. त्या फोटोच्या वेळी बेडूक वाजवला नव्हता. एक कावळा मध्ये आला होता, त्याला हाकलायला तिनं पदर हलवला होता, आणि तेवढ्यात खटका दाबला गेला होता. त्या फोटोत बशीर आणि मेहरू भलतीकडंच बघत होते. आणि सुलताना, एकटी सुलताना, सरळ तिच्याकडं.

आबेदाबी उठली. सुलताना मागच्या दाराशी भांडी घासत होती, पाठमोरी. आबेदाबीनं परातीएवढं झाकण उचललं आणि तिच्या मागं फरशीवर आपटलं. आत झोपलेली मेहरू रडत उठली. सुलतानाचा हात राखेत फिरतच राहिला.

आबेदाबी वळसा घालून समोर आली, खाली बसली. तिनं नुसते ओठ हलवले, आवाज मुळीच काढला नाही. पाणी आण.

सुलताना उठली आणि तांब्या भरून घेऊन आली.

आबेदाबीनं तांब्या खाली ठेवला. गेल्या आठवड्यातला धपाटा तिच्याच तळहातात चुरचुरायला लागला.

नसीरनं आधी मानलंच नाही. "बहिरी असती तर बोलली असती का?" तो म्हणाला. सूनबाई रुकय्या चुलीपुढून हळूच म्हणाली, "तिसऱ्या वर्साला गोवर आला व्हता न्हाई का? त्यानंतरच ती बोबडी झाली." नसीरला ते आठवलं. दुसऱ्या दिवशी आबेदाबी, नसीर आणि सुलताना एसटीनं पुण्याला गेली. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोरीच्या कानाशी आवाज तपासायचे वेगवेगळे पोलादी काटे वाजवून पाहिले. उजवा कान गेलेला आहे, डाव्यात थोडं आहे, ते म्हणाले. बरं होण्यातलं नाही. मात्र पोरगी हुशार आहे, ओठांवरून ओळखते. कुणी शिकवलं तिला?

कुणीच शिकवलं नव्हतं.

परतीच्या गाडीत सुलताना खिडकीशी झोपली. नसीर पुढच्या सीटचा दांडा धरून बसला होता.

"आता तर शाळंचा सवालच न्हाई," तो म्हणाला. "बहिऱ्या पोरीला काय शिकीवणार?"

"पाच वर्सं आपुन तिच्या पाठीशी बोलतुया," आबेदाबी म्हणाली. "आपलं चुकलं, आन् शाळा तिची बंद?"

"अम्मी, त्या गुरुजींनी काय नुसतं तिलाच घिऊन बसायचं का?"

"त्ये मी गुरुजींना इचारते. तवर तू घोटावड्याला निरोप धाडू नगंस."



दुपारची शाळा सुटल्यावर आबेदाबी सुलतानाला घेऊन गेली. तिला बाहेर पटांगणात थांबवून एकटीच वर्गात शिरली. ढमाले गुरुजी हजेरीपट आवरत होते. तिनं पदराखालून पाकीट काढलं आणि टेबलावर पाच फोटो ओळीनं लावले.

"वा, भाबी! छान आलेत," गुरुजी म्हणाले. "अलाउद्दीनभाईंचा हात आला तुमच्या हातात."

"पोरीकडं बघा."

"हं. ही तुमची सुलताना. हिचं नेहमीचंच, लक्ष नाही."

"आता बकरीकडं बघा."

गुरुजींनी चष्मा वर केला. आबेदाबीनं बेडकाचं सांगितलं, कावळ्याचं सांगितलं, दवाखान्याचं सांगितलं. गुरुजी ऐकत होते, पण त्यांच्या कपाळावरची आठी जात नव्हती.

"पण ती कविता म्हणते, भाबी. पाढे म्हणते."

"तुमचं त्वांड बघून म्हणती. बोलवा तिला."

सुलताना येऊन दाराशी उभी राहिली. गुरुजी तिच्यासमोर गेले. आवाज न करता त्यांनी ओठ हलवले. सात आठे?

"छप्पन," सुलताना मोठ्यानं म्हणाली.

 मग गुरुजी फळ्याकडं वळले आणि पाठमोरे राहूनच, चांगल्या खड्या आवाजात त्यांनी विचारलं, "नऊ आठे?"

पटांगणातून कुणीतरी ओरडलं, "बहात्तर!"

सुलताना गुरुजींच्या पाठीकडं बघत उभी होती. मान जरा तिरकी, तोंड किंचित उघडं. वर्गात रोज ती अशीच बसायची, आणि ह्याच तोंडाला गुरुजी रोज बावळट म्हणायचे. ते फळ्यापासून लगेच वळले नाहीत. फडकं घेऊन त्यांनी फळा पुसला. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

"मी तिला कोपऱ्यात उभं केलंय, भाबी," ते म्हणाले. "एकदा नाही."

"मी बी मारलंय. त्ये आता उगाळून काय करायचं? फुडचं बोला."

"पहिल्या रांगेत बसवतो उद्यापासून."

"तेवढ्यानं भागायचं न्हाई. फळ्याकडं त्वांड करून बोलायचं न्हाई. लिवायचं, वळायचं, मंग बोलायचं."

"वर्गात पंचेचाळीस पोरं आहेत."

"असू द्यात की. तुमचं त्वांड तर येकच हाय."

गुरुजींना हसू आलं, पण ते त्यांनी वेळेवर आवरलं, कारण म्हातारी हसत नव्हती. तिनं फोटो गोळा केले. चौथा मात्र टेबलावरच राहू दिला. "ह्यो राहू द्या तुमच्यापाशी," म्हणाली आणि पोरीचा हात धरून बाहेर पडली.

नसीरनं परीक्षेपर्यंतची मुदत दिली. त्यानंतर बघू, म्हणाला. आबेदाबीनं मान हलवली. परीक्षेला अडीच महिने होते.

दोन दिवस काही कळलं नाही. सुलताना शाळेत जायची, यायची, विचारलं तर "व्हय" म्हणायची. तिसऱ्या दिवशी पोरं उशिरा आली. बशीरनं पिशवी भिरकावली. त्याचं तोंड फुगलं होतं.

"हिच्यापायी शाळा उशिरा सुटली, दादी! आमचा खेळ बुडाला. हिला माझ्याबरोबर वर्गात धाडू नगा." चौथीचा आणि दुसरीचा वर्ग एकाच खोलीत भरत होता.

"काय केलं तिनं?"

"इचारा तिलाच."

आबेदाबीनं हातातली कात्री बाजूला ठेवली. सुलताना उंबऱ्यात उभी होती. वेणी सुटलेली, पाटी छातीशी. आबेदाबी तिच्यासमोर जाऊन बसली.

"काय केलंस गं?"

"गुरुजी बोलता बोलता फळ्याकडं वळलं," सुलताना म्हणाली. "मी हात वर केला."

"मंग?"

"मंग फिरून माझ्याकडं वळलं. परत समदं बोललं. मंग परत इसरलं. मी परत हात वर केला."

"किती बारी?"

सुलतानानं चार बोटं दाखवली. मग थोडा विचार करून अंगठाही उघडला.

"पोरं चिडली असतील की तुझ्यावर."

"व्हय," सुलताना म्हणाली. "लई चिडली." आणि तिच्या तोंडभर हसू पसरलं.

आबेदाबीनं तिची सुटलेली वेणी हातात घेतली. आधी पोरीची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं.

"उद्या बी कर," ती म्हणाली.