जांभळा ठिपका

त्या स्विचला भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिराने, सासूबाई असं नाव ठेवलं होतं. "जरा कुठे रंगात यावं, की ह्या मध्ये बोलल्याच."

गाडी शर्यतीची. सरळ पट्ट्यावर जेमतेम दहा-बारा सेकंदांचा खेळ. इंजिनाला वरून नायट्रस वायूची बाटली जोडलेली, म्हणजे आधीच तापट असलेल्या माणसाला आणखी चढवून देण्यातला प्रकार. नायट्रस आत गेला की त्याच्या बरोबरीने पेट्रोलही जास्त जावं लागतं. ते कमी पडलं तर पिस्टन मेणासारखा वितळतो, आणि पुढचं नशिबावर. म्हणून पेट्रोलच्या नळीवर हा अंगठ्याएवढा स्विच. दाब पस्तीस पौंडांच्या खाली आला की तो नायट्रस तोडतो. गाडी मरगळते, माणूस घरी येतो.

स्विच लावायचं काम माझं. मी ते कुठे शिकायला गेले नाही. नवऱ्याच्या हातात पाना देता देता वीस वर्षं गेली, आणि दोन वर्षांपूर्वी त्याचा हात थरथरायला लागला तेव्हा पाना माझ्याच हातात राहिला. भाऊजींच्या गाडीचं इंजिन हे त्याने एकट्याने बांधलेलं शेवटचं. त्यानंतर त्याला कप ओठापर्यंत नेतानाही अर्धा सांडायला लागला.

टेबलावर स्विच हातपंपाला जोडायचा, शेजारी गेज, तारांना एक छोटा दिवा. दाब चढवला की दिवा लागतो. हळूहळू सोडला की पस्तिसाला विझायला हवा. नाही विझला तर बारीक स्क्रू फिरवायचा. जमलं की स्क्रूच्या डोक्यावर नेलपॉलिशचा ठिपका. कोणी स्क्रू हलवला तर ठिपका तडकतो, चोरी लपत नाही. नेलपॉलिश जांभळं आहे. कुणाच्या तरी लग्नासाठी हौसेने घेतलेलं. नखांना लावायचा धीर झाला नाही, स्विचांना शोभून दिसतं.

त्या आठवड्यात सरावाच्या तिन्ही फेऱ्यांत सासूबाई मध्ये बोलल्या. तिसऱ्या गिअरला गाडी बसायची. मैदानावरचे लोक हसले. एक जण म्हणाला, "मोठ्या भावाच्या इंजिनात आता दम राहिला नाही वाटतं." नवरा शेजारीच उभा होता. त्याने हात खिशात घातले.

शनिवारी दुपारी मी स्विच काढून टेबलावर लावला. दिवा पस्तिसाला विझला. पाच वेळा बघितलं.

"स्विच खरं बोलतोय," मी म्हटलं. "तुमचा पंप थकलाय, भाऊजी. नवा मंगळवारी येतोय. उद्याच्या शर्यतीत बाटली बंद ठेवून पळवा."

"बाटली बंद ठेवून? मग पायीच जातो की."

"जा. तब्येतीला बरं."

"वहिनी, थोडासा खाली घे ना. तिसावर. कोणाला कळतंय."

"पिस्टनला कळतं."

ते हसले. "बरं बाई. राहू दे पस्तीस. मी आपला पाय दाबून ठेवतो. कमी पडलंच तर सासूबाई आहेत सांभाळायला. तुझ्या ठिपक्यावर आपला विश्वास."

नवरा दारातल्या स्टुलावर बसून ऐकत होता. मी स्विच गाडीत बसवला, ठिपका दिला, नेलपॉलिशची बाटली खणात टाकली आणि अंघोळीला गेले. एवढंच केलं मी.

रविवारी सकाळी मैदानावर बॉनेट उघडं असताना मी वाकून पाहिलं. जांभळा ठिपका जागेवर होता. तडा नव्हता. मी रंग बघितला, आकार नाही बघितला. चूक म्हणाल तर ती हीच.

भाऊजी गाडी रेषेवर घेऊन गेले. आम्ही दोघं जाळीपाशी उभे. नवऱ्याने कापरा हात थांबवायला जाळी धरली होती, आणि त्याच्या अंगठ्याच्या नखाशेजारी, कातडीवर, जांभळा डाग होता.

माझा ठिपका तिळाएवढा असतो. मघाशी पाहिलेला स्क्रूच्या कडेवरून ओघळला होता.

"अहो," मी म्हटलं, "किती फिरवलात?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "पाव फेरा. फक्त पाव. तिसाच्या आसपास. सहन करेल इंजिन. मी बांधलंय ते."

"त्यांना सांगितलंत?"

"तो नको म्हणाला असता."

मी धावले. म्हणजे धावायला लागले. या वयात आणि या गुडघ्यांनी जेवढं होतं तेवढं. झेंडेवाल्याला हाका मारल्या, हात हलवले. त्याच्या कानांवर जाडजूड टोप्या होत्या. त्याला वाटलं मी कौतुक करतेय, त्यानेही हात हलवला. दिवा हिरवा झाला आणि गाडी गेली.

पहिला गिअर. दुसरा. तिसरा. मी जन्मात कधी एवढी वाट पाहिली नाही एखादी गाडी बसायची. बस गं बाई, बोल आता, एरवी बोलतेस ना.

ती बोलली नाही. आवाज चढत गेला, मग पातळ झाला, मग पत्रा फाटल्यासारखं काहीतरी झालं. बॉनेटच्या फटीतून आधी पांढरा धूर, मग ज्वाळा. गाडी आडवी होत गवतात गेली.

भाऊजी स्वतःच्या पायांनी बाहेर आले. बॉनेट उघडायला गेले आणि डावा तळवा भाजून घेतला. मी पोचले तेव्हा ते एका टायरवर बसले होते, अंगावर आग विझवण्याचा फेस, हातावर ओलं फडकं.

"वहिनी," ते म्हणाले, "सासूबाई आज गप्प का बसल्या?"

नवरा माझ्या मागून आला होता. त्याचं तोंड उघडलं. नजर मात्र काळ्या झालेल्या इंजिनावर होती, आणि दोन्ही हात असे हलत होते की ते कोणाचे तरी दुसऱ्याचेच असावेत. मी थोडं थांबले. तो बोलेल म्हणून थांबले.

"स्क्रू सैल राहिला असेल," मी म्हटलं. "माझ्याकडूनच."

भाऊजींनी हातावरचं फडकं नीट केलं. "होतं गं," असं म्हणाले. मग म्हणाले, "पुढच्या वेळी स्विच बाहेर कोणाकडून तरी लावून घेतो. राग नको धरूस."

"नाही धरत."

बाहेरचे ठिपका देत नाहीत, पाच वेळा बघतही नाहीत, हे मला माहीत होतं. पण आता ते सांगायला तोंड कुठे होतं?

सोमवारी मी जळक्या नळीवरून स्विच सोडवून आणला. आतून शाबूत होता. हातपंपाला जोडला, दिवा लावला, दाब हळूहळू सोडला. पस्तीस गेले, तीस गेले, पंचवीसही गेले. दिवा सोळाला विझला. पाव फेऱ्यात एवढं होत नाही. जवळजवळ पूर्ण फेरा फिरला होता. पाव फेऱ्यावर थांबायला हात ताब्यात लागतो.

दारात पावलं वाजली. मी सगळा दाब सोडून दिला. काटा शून्यावर आला.

"किती?" नवऱ्याने विचारलं.

"तीस."

"बघ. म्हटलं होतं ना." तो स्टुलावर बसला. जरा वेळाने म्हणाला, "म्हणजे पंपच गेला ऐन वेळी."

"हो. पंपच."

मी चिंधी पेट्रोलमध्ये बुडवली आणि त्याचा अंगठा हातात घेतला. डाग कातडीच्या घडीत बसला होता, लवकर निघेना. हात माझ्या मुठीत थरथरत होता, आणि मी तो घट्ट धरून पुसत राहिले.