आरशातली कुमनजायी

लिनेटचा प्रदर्शनातला आरसा अ‍ॅलिस स्प्रिंग्ज गावात चांगलाच गाजला होता. दारावर नाव सांगून आत जायचं. आरशातला कॅमेरा तुम्हाला टिपायचा, आधी येऊन गेलेल्यांपैकी सर्वांत मिळताजुळता चेहरा तुमच्या चेहऱ्यावर चढवायचा आणि त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचा. दुकानातले, चौकातले कॅमेरे न विचारता आपले चेहरे साठवतात, त्याविरुद्ध ही कला, असं लिनेट मुलाखतींत तावातावानं सांगायची.

उद्घाटनाला तिची धाकटी बहीण आरशाला जीभ काढून वेडावून गेली होती. दोन महिन्यांनी ती गाडीच्या अपघातात गेली. घरच्यांनी आपल्या आदिवासी रिवाजाप्रमाणे तिचे फोटो उचलून ठेवले, नाव घेणं बंद केलं. गेलेल्याला नावानं हाक मारली की त्याचा पाय निघत नाही. बोलायची वेळ आलीच तर सगळे नावाऐवजी नुसतं ‘कुमनजायी’ म्हणत, कुणाही मृताला म्हणतात तसं.

“आरशातून काढलंस ना गं तिला?” आईनं, नोरीननं, तेव्हाच विचारलं होतं.

“कधीच काढलं,” लिनेट म्हणाली होती.

आज नोरीन पहिल्यांदाच प्रदर्शनाला आली, दारावर नाव सांगितलं, आणि लिनेट नको नको म्हणत असताना आरशासमोर जाऊन उभी राहिली.

“अख्खं गाव बघून गेलं, मीच तेवढी नको? माझ्या थोबाडानं काच तडकतेय का?”

आरशात तिच्या सुरकुत्या विरल्या. ओठ वाकडे झाले, जीभ बाहेर आली.

“कुमनजायी,” आरसा बोलला.

नोरीननं दोन्ही तळव्यांनी डोळे झाकले. कॅमेऱ्यानं तिला तसंच टिपलं.

“हा शब्द मशीनला कुणी शिकवला?”

“चुकून राहिली असेल,” लिनेट म्हणाली.

“चुकून राहिली असती तर त्यानं तिचं नाव घेतलं असतं. तू नाव बदललंस आणि तिला ठेवून घेतलंस. जगाच्या कॅमेऱ्यांना शिव्या घालतेस आणि सख्ख्या बहिणीला कोंडतेस?”

“रोज सकाळी कुणी यायच्या आत मी इथं उभी राहते, आई. माझ्या तोंडावर ती येते. एवढीच उरलीय गं ती.”

“म्हणून तर तिला जाता येत नाही. सोड तिला, बाळा.” आणि मागे न बघता नोरीन बाहेर पडली.

लिनेटनं आरशात साठवलेल्या चेहऱ्यांची यादी उघडली, रडत रडत तो चेहरा पुसला. मग सवयीनं आरशासमोर उभी राहिली. आरसा शोधत राहिला. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर दोन तळवे चढले, डोळे घट्ट झाकलेले.

“नोरीन,” आरसा म्हणाला.