सहा बोकडांचा चौथा कप्पा

प्रणिताचं बोकडांशी पटतं आणि माणसांशी पटत नाही, असं पेणच्या तिच्या कॉलेजात सगळे म्हणायचे. कारण सोपं होतं. बोकड उलट बोलत नाहीत.

तिचं संशोधन बोकडाच्या पोटातल्या चिकट्यावर होतं. पोटाला आतून एक बुळबुळीत थर असतो. तो नसता तर पोटाने आधी स्वतःलाच पचवलं असतं. हा थर ज्या प्रथिनाचा होतो, त्याचं जनुक जनावराजनावरात थोडं वेगळं असतं. निडीजवळच्या कातकरी वाडीवर दामूच्या कळपातल्या सहा बोकडांना कधी जंत होत नव्हते. त्यांच्या कानाच्या कातडीतून प्रणिताने ते जनुक वाचलं, तर त्यात एक तुकडा जगावेगळा निघाला. आता ते जनुक पोटात प्रत्यक्ष किती राबतं, ते मोजायचं होतं. त्यासाठी बोकडाच्या पोटाच्या चार कप्प्यांपैकी चौथा हवा, ताजा आणि थरासकट. दामू हे सहा बोकड रोह्याच्या महिपती खाटकाला विकणार होता. तीन आता, तीन दिवाळीनंतर. बाकी होता तो एक पैदाशीचा, आणि त्याचं नाव काढलं तरी दामूची बायको येसू अंगावर यायची. तेव्हा पोटं सहाच. पुढच्या वर्षाची फेलोशिप या सहा पोटांवर उभी होती.

प्रणिता महिपतीच्या दुकानात गेली ती नाकाला ओढणी लावूनच.

"चौथा कप्पा आहे तसा द्यायचा. हात लावायचा नाही. आणि इथे किती घाण आहे हो! माझा नमुना खराब होईल."

मागे महिपतीची बायको बायजा वजडी, म्हणजे बोकडाची पोटं-आतडी, साफ करत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"घाण? कुणाच्या दुकानात गो?"

"दिसलं ते बोलले."

"चाळीस वर्सं वरश्यापासून निडीपर्यंतची लग्नं आमच्या मटणावर झाली. तुजं नाक कुठल्या राजाच्या घरचं हाय?"

महिपती मध्ये पडला नाही. या दोघींच्या मध्ये पडण्यापेक्षा बोकड होणं बरं, एवढा हिशेब त्याला येत होता.

तीन दिवसांनी एसटीने बर्फाचं खोकं पेणला आलं. प्रणिताने झाकण काढलं. आत तीन कप्पे, धुवट धोतरासारखे पांढरे. उकळत्या पाण्यात बुचकळलेले, चुना चोळलेले, सुरीने खरवडलेले. रोह्यात न धुता वजडी देणं म्हणजे गिऱ्हाइकाचा अपमान. आणि गिऱ्हाइकानेच अपमान केलेला असला, तर त्याला दोन पाणी जास्त.

तिने फोन लावला. "हात लावू नका म्हणाले होते मी!"

"हात कुठं लावला? सुरी लावली," बायजा म्हणाली. "बघ आता नीट. हाय कुठं घाण?"

खरं सांगायची सोय नव्हती. तिच्या मार्गदर्शक वैशाली मॅडमनी आधीच बजावलं होतं की रोह्यात कुणाशी भांडलीस तर याद राख. म्हणून प्रणिताने मॅडमना सांगितलं, "बर्फ वितळला."

"बर्फसुद्धा सांभाळता येत नाही? उरलेले तीन रितेश बघेल. फेलोशिप तुला की त्याला, तेही त्यानंतर ठरवू."

रितेश शेजारच्या टेबलावर खेकड्यांवर काम करायचा. तो हसला. "ताई, बर्फ कसा भरतात ते शिकवू का?"

चुना हा शब्द प्रणिताच्या जिभेवर आला होता. तो तिने गिळला. "दुप्पट भर," ती म्हणाली.

रितेश रोह्याला गेलाच नाही. त्याने फोनवर गोड आवाजात सांगितलं, "मावशी, जरा चांगलं बघून द्या हां." बायजाने त्या 'चांगलं'ची लाज राखली. दिवाळीनंतरचं खोकं पहिल्याहून पांढरं होतं. बोकडाचं ताजं पोट रितेशने जन्मात पाहिलं नव्हतं. त्याने थर मोजला, तो जवळजवळ शून्य. जनुक राबताना पेशीत जे निरोप सोडतं ते मोजले, तेही शून्य. त्याला हर्ष झाला.

खात्याच्या बैठकीत तो म्हणाला, "या बोकडांत थरच नाही. त्याच्याशिवाय ते जंताशी लढतात. हे आजवर कुणी पाहिलेलं नाही."

टाळ्या वाजल्या. वैशाली मॅडम तर शोधनिबंधाचं नाव लिहायला बसल्या.

प्रणिता उठली. "थर नाही, तर बोकड जगले कसे? आम्लाने पोटाला भोक नाही पडलं?"

रितेशने वहीची पानं मागेपुढे उलटली.

"खोक्याला चुन्याचा वास येत होता?"

"येत होता. मला वाटलं बोकडाचाच..."

हशा पिकला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"चुन्याचं तुला कसं माहीत?"

प्रणिताने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"बर्फ वितळला नव्हता तर?"

"नाही."

"आणि हे तुला कळलं कधी?"

"पहिल्या खोक्यालाच."

"त्या दिवशी उरलेले तीन बोकड कुठे होते?"

"निडीला," प्रणिता म्हणाली. मग खालच्या आवाजात, "चरत होते."

मॅडमनी फेलोशिपचा कागद ओढला आणि दोन्ही नावांवर रेघ मारली, एकाच ओढीत. रितेश मुकाट्याने खाली बसला. प्रणिता उभीच राहिली. तिला बस म्हणायला कुणी तोंड उघडलं नाही.