गेटावरचं कुंकू

भरे गावातली रस्त्याकडंची आमची जमीन इकली, तवापासनं समद्या बिल्डरांना आमचा पत्ता कसा घावला कुनास ठाऊक. रोज गेटातनं कागद आत पडायचे. फ्लॅट घ्या, प्लॉट घ्या. अरं बाबांनो, आमीच आमची जमीन इकली, आता तुमची खुराडी घेऊन काय करू? चुलीत घालावं तर गुळगुळीत कागदाचा नुसता धूर, आनि वर गनपती छापलेला, जाळायला मन व्हईना.

औंदा तर मेल्यांनी कहर केला. जाहिराती लग्नपत्रिकेवानी यायला लागल्या. सोनेरी गनपती, कोपऱ्याला हळदीकुंकू, अक्षतांची बारकी पुडी, 'सहकुटुंब सहपरिवार यावे.' आत बघावं तर वन बीएचके.

दुसऱ्यांच्या घरात हसण्यावारी नेलं असतं. आमी खऱ्या पत्रिकेची वाट बघत व्हतो. माझी ननंद धोंडाबाई लवळ्याला दिलेली. तिच्या सायलीचं लग्न ठरलं व्हतं, आनि मामा म्हनून पोरीच्या मागं हुबं राहायचं ते आमच्या मालकांनीच. पन जमिनीच्या सह्यांच्या वक्ताला बहीनभावाचं वाजलं. तिनं सही दिली, पन एक शब्द जास्त बोलली, आनि हे म्हनले, "माझ्या दारात पुन्हा येऊ नगं." तवापासनं फोन बंद, येनंजानं बंद.

लग्नाचं कानावर आलं आनि मानूस पाघळलं. सायलीला हळदीची पिवळी साडी आनली, सवताला फेटा आनला.

"अवो, तुमीच फोन करा की," मी म्हनले.

"न्हाई. मामाच्या घरी बोलावनं घेऊन येत्यात. ती येईल."

गेटात कागद पडला की हे दुखरं गुडघं धरून पळायचे. चष्मा लावायचे, वाचायचे, आनि तोंड एवढुसं व्हायचं. लई येळा झालं असं. मग एक दिवस डोस्कंच फिरलं. पत्र्यावर लाल रंगानं लिवून गेटाला बांधलं, 'कसलीही पत्रिका आत टाकू नये. आम्हाला कोणाच्या निमंत्रणाची गरज नाही.'

"लई तोडून लिवलंय," मी म्हनले.

"तोडूनच लिवायला पायजे. खरी पत्रिका हातात देत्यात, टाकत न्हाईत."

मांडवात पाय लटपटू नयेत म्हनून गुडघ्यात सुई घ्यायला आमी पौडला गेलो. परत आलो तर गेटावर, पाटीच्या खाली, हळदीकुंकवाची बोटं वढलेली. खाली चिमूटभर अक्षता.

"आता गेटबी सोडंनात भाडखाऊ," हे म्हनले, आनि रॉकेलचा बोळा घेऊन घसाघसा पुसलं. अक्षता कोंबड्यांनी टिपल्या.

लग्नाच्या दुसऱ्या दिशी मी दळान घेऊन समोरच्या गिरनीत गेले. गिरनीवाला गेणबा म्हनला, "वहिनी, काल लवळ्याला दिसला न्हाई तुमी?"

"बोलावनंच न्हाई, तर जायचं कुटं?"

"असं कसं? तुमची ननंद आलती की, तुमी पौडला गेलता तवा. पाटी वाचून लई येळ हुबी व्हती. मला म्हनली, घर बंद असलं तर दाराला कुंकू लावून जायची रीत हाय, दादाला ठावं हाय. मग गेटालाच लावलं. दुसऱ्या दिशी पत्रिका हातात द्यायला पुन्हा आली, तर गेट पुसल्यालं. तशीच माघारी गेली. मला वाटलं, तुमीच नको म्हनलं. बहीनभावाच्या मधी मी कशाला पडू?"

"मग पोरीच्या मागं हुबं कोन राहिलं?"

"चुलतमामा. पन धोंडाबाईनं मुहूर्त थांबवला व्हता म्हनं. भटजी कावला, तरी ही रस्त्याकडंच बघत व्हती."

दळान तितंच टाकून मी घरी आले आनि सांगितलं. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेत्यात. पन हे उठून गेटापाशी गेले, कुंकू व्हतं तितं हात फिरवत राहिले. "मीच पुसलं," एवढंच म्हनले.

साडी घेऊन दोघं लवळ्याला गेलो. धोंडाबाईनं पानी दिलं, च्या केला, समदं ऐकून घेतलं. रागावली न्हाई. साडीवर हात ठेवून म्हनली, "दादा, कळलं मला. पन मांडव सुटला रं."

पाटी आता काढलीया. कागद येतच ऱ्हात्यात. काल एक चुलीत घालाय गेले तर हे म्हनले, "थांब, आधी बघू दे." चष्मा लावून शेवटपातुर वाचला.

आता काय बघायचं ऱ्हायलंय, हे मी बोलले न्हाई. धोंडाबाईला सायली एकलीच लेक.