समोरची नळी

मी एक जुना सेंट्रीफ्यूज आहे, आणि मी सदोष नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या कपाळावर तशी चिठ्ठी डकवली आहे आणि तुमचे लक्ष प्रथम तिकडेच जाईल.

माझे काम सोपे. पोटात नळ्या ठेवायच्या, झाकण लावायचे आणि मी गरागरा फिरायचे. जड ते तळाशी जाते, हलके वर राहते. माणसांतही हलकेच वर राहते म्हणतात, पण तो माझा विषय नाही. माझी अट एकच. एक नळी ठेवली की बरोबर समोर तेवढ्याच वजनाची दुसरी ठेवायची. काही नसेल तर पाणी भरून ठेवा. पण समोर कुणीतरी हवे.

प्रयोगशाळेत आलो तेव्हा मी तकतकीत होतो. त्याच महिन्यात बाई आल्या. नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या, भर उन्हाळ्यात गळ्यात मफलर, कारण निम्मे काम थंड खोलीत चाले. त्यांना एक प्रश्न पडला होता. अंड्यातल्या इवल्याशा जिवाला कसे कळते, की इथे पंख फुटवायचा आणि इथे पाय? ते सांगणारे एखादे प्रथिन असणार. ते हुडकायला त्यांनी इतकी अंडी फोडली, की अंडीवाल्याने एकदा विचारलेच, "ताई, घरात माणसं आहेत तरी किती?"

माझ्या मुठीला सुतळीने एक वही बांधलेली असे. मला फिरवणाऱ्याने तारीख, वेळ लिहून सही करायची, हा इथला रिवाज. वही संपली की तिलाच नवी शिवत. एकोणीस वर्षांत ती उशीएवढी झाली. मग एके दुपारी ते प्रथिन शुद्ध मिळाले. त्याचा थेंब कोवळ्या पंखाच्या जागी सोडला, तर तिथे पाय फुटला! बाई हसल्या, रडल्या, मला पुसले आणि न विसरता वहीत सही केली.

विभागप्रमुख सर माझ्याकडे एकदाच आले. पाहुण्यांसमोर फोटो काढायचा होता. एकच नळी ठेवली, समोर काही नाही, आणि दाबले बटण. मी थरथरलो, धडधडलो आणि, सांगायला लाज वाटते, चालत दारापर्यंत गेलो. पाहुणे टेबलावर चढले. सरांनी वहीत लिहिले, 'यंत्र सदोष', आणि झोकदार सही ठोकली. माझा दोष? मित्रांनो, तुम्हीच सांगा!

बाई निवृत्तीला आल्या तेव्हा ठरले, की प्रथिनाचा शोध इथे लागला अशी पाटी दाराबाहेर लावायची. खाली नाव सरांचे. एकट्या सरांचे! बाई आभाराच्या कागदावर होत्या, बागेतल्या माळ्याच्या नावाखाली.

त्याच आठवड्यात जुन्या वस्तू भंगारात काढणारी समिती आली. अध्यक्ष सर.

"हा काढा. सदोष आहे. वहीतच लिहिलंय, बघा."

समितीतला मेकॅनिक बोटाला थुंकी लावून पाने उलटू लागला. बराच वेळ उलटत राहिला.

"सापडलं का?"

"सापडलं. पण सर, तुमची सही एवढी एकच आहे. बाकी पानंच्या पानं बाईंच्या सह्या."

"अहो, कल्पना माझी होती! बाईंनी नुसतं फिरवलं."

"तुम्हाला तर नुसतंही जमलं नव्हतं," मेकॅनिक वहीतून मान वर न काढता म्हणाला.

कोपऱ्यात बसलेल्या बाई मफलर सावरत उठल्या. "सर, त्या दिवशी समोरची नळी ठेवायची राहिली होती तुमची. पाटीवरही राहिलीय."

समितीच्या लेखनिकाने घसा खाकरला. "मग पाटीवर दोन नावं घालू?"

सर लालबुंद झाले. "त्यापेक्षा पाटीच नको!"

बाई वही काखेत मारून घरी गेल्या. मी व्हरांड्यात आलो. आता माझ्यावर छत्र्या वाळत घालतात, आणि मी सदोषच आहे, कारण चिठ्ठीवर सरांची सही आहे.

मित्रांनो, यंत्र बिघडले म्हणण्याआधी समोर काय ठेवायचे राहिले ते बघा. कुणाचे नाव लिहितानाही बघा. आणि मला पुसायला वेळ नसेल, तर निदान ती चिठ्ठी तरी काढा.

दाराबाहेर पाटीसाठी ठोकलेले चार खिळे अजून आहेत. सरांचा कोट रोज त्यातल्याच एकात अडकतो.