आतल्या बाजूला दाबल्यावर

पाय कुणाचा मुरगळत नाही? थोडं लंगडायचं, थोडं कुरकुरायचं आणि विसरून जायचं. पण हिच्या घोट्यावर अख्खा संसार उभा होता. नवरा रंगारी. परांचीवरून पडला तेव्हापासून त्याला कमरेखाली काही कळत नव्हतं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही. बाहेर न्यायचं तर ही त्याला पाठीवर घेऊन जिना उतरायची. आणि नेमका त्याच जिन्यात, कचऱ्याची बादली नेताना, हिचा पाय मुरगळला.

नणंद धावत आली. बाई मनाने वाईट नव्हती, तोंडाने फटकळ. पाय लवकर बरा होणार नसेल तर भावाला मी शुश्रूषा केंद्रात ठेवते, असं तिने सरळ सांगितलं. तिथून माणूस घरी परत येत नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं.

फिजिओथेरपिस्टकडे बाहेर बसल्या असताना आतलं बोलणं कानावर आलं. घोट्याच्या आतल्या बाजूला दाबून दुखलं, तर पाय बरा व्हायला महिनोन्महिने घेतो. हिने ते मनात पक्कं धरलं. हिचा नंबर आला, नणंद शेजारीच उभी. तपासणाऱ्याचा अंगठा नेमका तिथे रुतला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. ही चक्क हसली, अजिबात दुखत नाही म्हणाली. मग काय, पाय लवकर सुधारेल असा अंदाज मिळाला.

तरी नणंदेचा विश्वास बसेना. तेव्हा हीच बोलून बसली की उद्या त्याची दवाखान्यात तपासणी आहे, मीच त्याला खाली आणते. गप्प राहिली असती तर काय बिघडलं असतं? पण जीव टांगणीला लागला की गप्प कुठलं राहवतं! घरी जाऊन तिने नवऱ्यालाही, आतल्या बाजूला दाबलं तरी दुखलं नाही म्हणजे पाय लवकर बरा होणार, असं रंगवून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी नणंद खाली गाडीपाशी थांबली. ही त्याला पाठीवर घेऊन उतरू लागली. जिन्याच्या पहिल्याच वळणावर घोट्याने दगा दिला. कठडा हाताला लागला म्हणून दोघं वाचली. ती पायरीवर बसली, तो पाठीला तसाच बिलगलेला.

"तिथे दाबलं तेव्हा दुखलं होतं ना?" त्याने कानाशी विचारलं.

"खूप दुखलं रे," ती म्हणाली. "पण तुला सोडवत नाही मला."

मग त्याने खाली हाक मारली, "ताई, वर ये. माझे कपडे भरायचेत."

जिन्यात नणंदेची पावलं वाजू लागली. हिने गळ्याभोवतीचे त्याचे हात घट्ट धरून ठेवले.